गोळी लागली, की चुकली?

बोरच्या जंगलालगत, सेलू-कारंजा-आर्वीच्या पट्ट्यात, हरभरा आणि तूर भरात आली की रात्री जागलीला जावेच लागते. जागलीत शिकारीच्या गप्पा निघतात, आणि त्यातल्या निम्म्या तरी चुकीच्या असतात.

‘पिकात शिरेल त्याला मारता येते’ ही त्यातली पहिली. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर खोकड आणि कोल्हा दोघेही पहिल्या अनुसूचीत आहेत. मारणाऱ्याला किमान तीन वर्षे कैद आणि २५ हजार रुपये दंड. शिवाय तीनेक किलोचे खोकड उंदीर, किडे आणि बोरे खाते, त्याच्यावर राग धरण्याचे काही कारणच नाही. बंदुकीचा प्रश्न येतो तो रानडुक्कर आणि रोह्यांपुरता, तोही वनाधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने. ‘त्यापेक्षा तारेत करंट सोडलेला बरा’ म्हणणाऱ्यांनी २०१७ आठवावे. ब्रह्मपुरीहून आणून बोरमध्ये सोडलेल्या वाघिणीने माणसे मारली, तिला गोळी घालण्याचा आदेश उच्च न्यायालयाने कायम ठेवला, आणि ऑक्टोबरमध्ये ती कारंजा तालुक्यात शेताच्या तारेला चिकटून मेली. तार कोण आले ते पाहत नाही.

आता मुख्य गैरसमज: गोळी लागली की जनावर उडून पडते. हे सिनेमातले. दहा ग्रॅमची गोळी सेकंदाला ८०० मीटर वेगाने ८० किलोच्या डुकरात शिरली आणि आतच राहिली, तरी त्या धक्क्याने डुक्कर सेकंदाला जेमतेम दहा सेंटीमीटर सरकेल. जनावर कोसळते ते मेंदू किंवा कणा निकामी झाल्यामुळे. म्हणूनच ‘पळाले, म्हणजे चुकली’ हेही खोटे. हृदय फुटले तरी मेंदूत काही सेकंद पुरेल एवढा प्राणवायू उरलेला असतो, आणि दहा सेकंदांत डुक्कर शंभर मीटर गाठू शकते. तुरीच्या पट्टीत तेवढे अंतर म्हणजे नजरेआड.

‘रक्त नाही, म्हणजे लागली नाही’ यावर विश्वास ठेवून कितीतरी जखमी जनावरे सोडून दिली जातात. डुकराची चरबी आणि जाड कातडी छिद्र बुजवते, रक्त आतच साचते. पहिला थेंब बराच पुढे सापडतो. सापडला की तो बोलतो: फिका, फेसाळ असेल तर फुप्फुस, काळपट आणि दर्प येणारा, त्यात चाऱ्याचा चोथा मिसळलेला असेल तर पोट. पोटात लागलेले जनावर पाठ कमानीसारखी करून हळू निघते आणि तासन्‌तास जगते. त्याच्या मागे लगेच धावणे म्हणजे त्याला आणखी दूर पिटाळणे. जागा लक्षात ठेवून थांबलेलेच बरे.

उलट्या बाजूचा गैरसमज सगळ्यांत घातक. ‘जागीच पडले, म्हणजे मेले.’ गोळी कण्याच्या वरच्या टोकाला नुसती घासून गेली तरी जनावर दगडासारखे पडते, आणि मिनिटभरात उठते. उठलेल्या सुळेवाल्या डुकरासमोर बॅटरी घेऊन उभे राहणे काय असते, ते जुन्या शिकाऱ्यांना विचारावे. जाणकार पाठीकडून जातात आणि लांब काठीने बुबुळाला स्पर्श करतात. पापणी हलली तर जीव आहे. डोळे मिटलेले दिसले तर संशय अधिक धरायचा, कारण मेलेल्याचे डोळे बहुधा उघडेच राहतात.

गोळी झाडणाऱ्याने सांगितलेला प्रसंग आणि जनावराच्या अंगावरची जखम यांचा मेळ बसतोच असे नाही. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री अवनी वाघीण मारली गेली, तेव्हा ती तिच्या मागावरच्या पथकावर चालून आली असे सांगण्यात आले. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीचा निष्कर्ष वेगळा निघाला: गोळी लागली त्या क्षणी तिचे तोंड पथकाकडे नव्हतेच.