सुख मोजता येईल का?

ठाणे स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडून, गर्दीतून वाट काढत थोडे चालले की टेंभी नाका लागतो. तिथे उभे राहून कोणाला, "आनंद कुठे सापडेल हो?" असे विचारलेत, तर तो बहुधा नाक्यावरच्या 'आनंद आश्रमा'कडे बोट दाखवील! पत्ता शोधणाऱ्याचे काम झाले. आपल्या प्रश्नाचे उत्तर मात्र मिळाले नाही.

विद्यार्थी मित्रहो, प्रश्न थोडा बदलून पाहू. समजा, नाक्यावरच्या दहा जणांना तुम्ही विचारलेत, "तुम्ही सुखी आहात का?" सकाळी लांबचे भाडे मिळालेला रिक्षावाला हसून 'हो' म्हणेल. लोकल चुकलेल्या बाई उत्तर द्यायलाही थांबणार नाहीत. निवृत्त आजोबा म्हणतील, "सुख म्हणजे काय, ते आधी सांगा." दहा माणसे, दहा उत्तरे.

यावर तुमच्यातला विज्ञानाचा विद्यार्थी म्हणेल, "ज्याचे माप घेता येत नाही, त्याची चर्चा कशाला? शासनाने रस्ते बांधावेत, पाणी द्यावे. लोकांच्या सुखाची उठाठेव त्याने का करावी?" शंका रास्त आहे. तिचे उत्तर शोधण्यासाठी एक सोपा प्रयोग करू.

तीन वाडग्यांचा प्रयोग

तीन वाडगी घ्या. एकात सोसवेल इतके गरम पाणी, दुसऱ्यात थंड आणि तिसऱ्यात कोमट पाणी भरा. डावा हात गरम पाण्यात आणि उजवा हात थंड पाण्यात मिनिटभर बुडवून ठेवा. मग दोन्ही हात एकदम कोमट पाण्यात घाला. पाणी एकच; पण डावा हात म्हणेल गार आहे, उजवा म्हणेल गरम आहे!

म्हणून तर तापमापी आली. पण म्हणून हाताला काही कळतच नाही, असे समजू नका. आपण कुठून कुठे आलो, हे हात बरोबर सांगतो. ताप आलेल्या मुलाला डॉक्टर तपासतात, तेव्हा ते तापमापी तर लावतातच, शिवाय "कसे वाटते?" असेही विचारतात. एक माप बाहेरचे, एक आतले. दोन्ही मिळून निदान होते.

समाजाच्या सुखाचेही असेच आहे. बाहेरची परिस्थिती आणि आतली भावना, दोन्हीकडे पाहावे लागते.

उत्पन्न वाढले, सुख वाढले का?

पुष्कळ वर्षे देशांची प्रगती एकाच मापाने मोजली गेली: राष्ट्रीय उत्पन्न. हे माप घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या सायमन कुझ्नेट्स या अर्थशास्त्रज्ञानेच १९३४ साली अमेरिकी काँग्रेसला इशारा दिला होता, की राष्ट्राचे कल्याण केवळ उत्पन्नाच्या आकड्यावरून ओळखता येणार नाही. असे का, ते आपल्या गावातच पाहा. घोडबंदर मार्गावर वाहने तासभर खोळंबली, की पेट्रोल जास्त जळते, जास्त विकले जाते आणि उत्पन्नाच्या हिशोबात भर पडते. घरी आई आजारी आजीची रात्रभर शुश्रूषा करते. त्याची मात्र कुठेच नोंद होत नाही.

या उणिवेवर वेगवेगळे उपाय निघाले. १९७० च्या दशकात भूतानचे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी राष्ट्रीय उत्पन्नापेक्षा 'राष्ट्रीय सुख' महत्त्वाचे, अशी कल्पना मांडली. १९९० साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने 'मानव विकास निर्देशांक' प्रसिद्ध केला. त्यात उत्पन्नाबरोबर आयुर्मान आणि शिक्षणही मोजतात. २०१२ पासून 'जागतिक आनंद अहवाल' निघू लागला. त्याची पद्धत गमतीची आहे. शून्य ते दहा पायऱ्यांची एक शिडी डोळ्यांसमोर आणायची. दहावी पायरी म्हणजे आपल्याला शक्य असलेले सर्वांत चांगले आयुष्य आणि शून्य म्हणजे सर्वांत वाईट. तुम्ही आज कोणत्या पायरीवर उभे आहात, ते सांगायचे. २०२५ च्या अहवालात १४७ देशांमध्ये फिनलंड पहिला आणि भारत ११८ वा होता. आपल्याकडे मध्य प्रदेश सरकारने तर २०१६ साली 'आनंद विभाग' नावाचे वेगळे खातेच काढले.

ठाण्याचा क्रमांक का घसरला?

आता पुन्हा ठाण्याकडे वळू. केंद्र सरकारने देशातील १११ शहरांचा 'राहणीसुलभता निर्देशांक' २०१८ साली जाहीर केला. शहरात राहणे किती सुखाचे आहे, हे त्यातून पाहायचे होते. त्यात पुणे पहिले, नवी मुंबई दुसरी, बृहन्मुंबई तिसरी आणि आपले ठाणे सहावे आले. पुढचा निर्देशांक मार्च २०२१ मध्ये जाहीर झाला. या वेळी दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांची यादी वेगळी होती. तीत ठाणे अकरावे आणि त्याच्या मागोमाग कल्याण-डोंबिवली बारावी. याउलट बंगळूर पहिल्या वेळी ५८ वे होते, ते एकदम पहिले!

अडीच वर्षांत ठाणेकरांचे सुख घटले आणि बंगळूरचे एवढे उसळले, असे समजायचे का? घाई करू नका. मोजपट्टीच बदलली होती. दुसऱ्या वेळी नागरिकांना प्रत्यक्ष प्रश्न विचारले गेले आणि त्यांच्या उत्तरांना एकूण गुणांत ३० टक्के वजन दिले गेले. म्हणजे तापमापीच्या जोडीला "कसे वाटते?" हा प्रश्न आला. बाकीच्या घटकांची मांडणीही नव्याने झाली.

वजन बदलले की काय होते, ते एका उदाहरणाने पाहू. 'अ' शहराला बाहेरच्या परिस्थितीचे ७० गुण आहेत आणि नागरिकांच्या मताचे ५०. 'ब' शहराला अनुक्रमे ६० आणि ८०. केवळ परिस्थिती मोजली, तर 'अ' पुढे. आता मताला ३० टक्के वजन द्या:

अ : (७० × ०.७) + (५० × ०.३) = ४९ + १५ = ६४
ब : (६० × ०.७) + (८० × ०.३) = ४२ + २४ = ६६

'ब' पुढे गेले! शहरात एक वीटसुद्धा हललेली नाही. गुरुत्वत्वरण निसर्ग ठरवतो. निर्देशांकातली वजने मात्र माणसे ठरवतात. म्हणून कोणताही क्रमांक वाचला, की "वजने कोणी आणि कशी ठरवली?" हे विचारायला विसरू नका.

एकाचा आनंद, दुसऱ्याचे दुःख

सरासरीचा आणखी एक दोष आहे. तो मला पुस्तकातून नव्हे, अनुभवातून कळला. टेंभी नाक्याची दहीहंडी आणि नवरात्र दूरवर प्रसिद्ध आहेत. ठाण्यातले सगळेच उत्सव दणक्यात होतात. तरुणपणी मीही मिरवणुकांत मनसोक्त नाचलो आहे. पुढे एका वर्षी विसर्जनाच्या दिवशी माझी आई शहरातल्या एका रुग्णालयात होती. शस्त्रक्रिया होऊन दोनच दिवस झाले होते. खालून मिरवणूक चालली होती आणि खिडकीची काच थरथरत होती. आई म्हणाली, "जरा खिडकी लावतोस का?" खिडकी लावलेलीच होती. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटले, की मी नाचत होतो तेव्हाही अशाच एखाद्या खिडकीआड कोणीतरी असेल.

त्या रात्री रस्त्यावरच्या शेकडो जणांचे सुख आणि खाटेवरच्या एकीचे दुःख यांची सरासरी काढली असती, तर उत्तर 'उत्तम' असेच आले असते!

ध्वनीचे माप आपण डेसिबेलमध्ये घेतो. हे माप साधे नाही. दर १० डेसिबेलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबेल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्या परिसराला शासन असे क्षेत्र घोषित करू शकते. तिथे दिवसा ७५ डेसिबेल आवाज झाला तर? फरक २५ डेसिबेलचा; पण तीव्रता मर्यादेच्या सुमारे ३१६ पट! ठाण्याचेच डॉ. महेश बेडेकर यांनी उत्सवांतील गोंगाट आणि रस्त्यावरचे मंडप यांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. तिच्यावर २०१६ साली न्यायालयाने निकाल दिला. ध्वनिक्षेपक लावणे हा कोणत्याही धर्माचा मूलभूत हक्क नाही, असे त्यात स्पष्ट केले.

उत्सव बंद करा, असे यातून निघत नाही. निघते ते इतकेच, की एकाच्या आनंदाची किंमत दुसऱ्याला मोजावी लागू नये. आणि हे पाहणे कोणा एकट्याच्या हातात नसते, म्हणूनच शासन लागते.

निर्वाताचे उदाहरण

प्रयोगशाळेत निर्वात तयार करतात, तेव्हा 'रिकामेपणा' कोणी मोजत नाही. उरलेल्या हवेचा दाब मोजतात आणि पंप लावून तो कमी करत जातात. शासनाने सुखाचे असेच करावे, असे मला वाटते. सुख म्हणजे काय, यावर आपले एकमत होणार नाही. कोणाला ते भजनात मिळेल, कोणाला क्रिकेटात, कोणाला गणितात. पण नळाला पाणी नसणे, लोकलच्या दारात लोंबकळावे लागणे, आजाऱ्याला झोप न मिळणे ही दुःखे आहेत, यावर टेंभी नाक्यावरच्या दहाही जणांचे एकमत होईल. ती मोजता येतात आणि कमीही करता येतात. भूतानच्या २००८ च्या राज्यघटनेतही सुखाचा शोध घेता येईल अशी परिस्थिती निर्माण करण्यासाठी राज्याने झटावे, असे म्हटले आहे. सुख देणे आणि अशी परिस्थिती निर्माण करणे, यांतला फरक मोठा आहे.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. शाळा बुडवण्यासाठी तापमापी गरम चहात बुडवणारा मुलगा तुम्हाला ठाऊक असेल (तुम्ही नव्हे, दुसरा कोणीतरी!). निर्देशांक वाढवणे हेच ध्येय झाले, की शहरेही तसेच करू लागतात. आकडा चढतो आणि रोगी आहे तिथेच राहतो. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७५ साली अशाच अर्थाचा नियम मांडला, तो त्यांच्या नावाने ओळखला जातो.

करून पाहा

वर्गातल्या प्रत्येकाने एका चिठ्ठीवर, नाव न लिहिता, शिडीवरची आपली पायरी लिहावी. खाली, रोज त्रास देणारी एकच गोष्ट लिहावी. सरासरी काढा, पण तिथेच थांबू नका. चौथ्या पायरीच्या खाली कितीजण आहेत, तेही मोजा. हाच प्रयोग पावसाळ्यातल्या एखाद्या सोमवारी आणि सहलीच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. पायऱ्या किती बदलल्या? आणि त्रासांची यादी किती बदलली?

माझा अंदाज असा, की पायऱ्या वरखाली होतील, यादी मात्र बरीचशी तीच राहील. तसे झाले, तर ती यादी मुख्याध्यापकांकडे न्या. गळका नळ, अंधारा जिना, मोडका पंखा, जे असेल ते. त्यातली एक गोष्ट जरी दुरुस्त झाली, तरी पुन्हा चिठ्ठ्या घ्या आणि चौथ्या पायरीखालची संख्या पुन्हा मोजा. ती एकाने जरी कमी झाली असेल, तर तुमचा प्रयोग यशस्वी झाला असे समजा.