‘फक्त ३० तास’ म्हणजे किती तास?

परदेशात इंग्रजी शिकवण्याच्या नोकरीविषयी एक वाक्य वर्षानुवर्षं जसंच्या तसं फिरतं आहे: पगार लाखाच्या वर, राहणं फुकट, विमानाचं तिकीट फुकट आणि काम आठवड्याला जेमतेम ३० तास. जाहिरातीत ते असतं, एजंटाच्या तोंडी असतं आणि लग्नाच्या पंगतीत कुणाच्या तरी भाचीबद्दल सांगतानाही तेच असतं. गंमत अशी की यातला एकही शब्द धडधडीत खोटा नाही. धडधडीत खोटं असतं तर एका ओळीत निकालात काढता आलं असतं. अर्धवट खरं असल्यामुळे कंटाळवाणा हिशेब मांडावा लागतो. तो दक्षिण कोरियाचा मांडू, कारण हे वाक्य सर्वांत घट्ट चिकटलं आहे ते तिथल्या नोकऱ्यांना, आणि तिथले कायदे व आकडे उघड आहेत.

कोरियात या नोकऱ्या मुख्यतः दोन प्रकारच्या. एक सरकारी शाळांतली, ‘एपिक’ या सरकारी कार्यक्रमातून मिळणारी. दुसरी खासगी क्लासमधली. क्लासला कोरियन भाषेत हॅगवॉन म्हणतात, पण आपला ‘क्लास’ हा शब्द त्याला चपखल बसतो. शाळा सुटली की मुलं तिथे जातात, काही तर रात्री दहापर्यंत. सोलमध्ये दहानंतर क्लास चालवायला बंदी आहे, यावरूनच काय ते समजावं. कोरियाच्या सरकारी सांख्यिकी विभागाच्या पाहणीनुसार २०२४ साली पहिली ते बारावीच्या मुलांच्या खासगी शिकवण्यांवर पालकांनी २९ लाख कोटी वॉनहून जास्त खर्च केला. एवढा पैसा या धंद्यात फिरतो म्हटल्यावर तो शिकवणाऱ्यापर्यंत पोचत असणार, असं आपण गृहीत धरतो. हे गृहीतच आधी तपासू.

क्लासच्या जाहिरातीत २३ लाख वॉन हा महिन्याच्या पगाराचा नेहमी दिसणारा आकडा. सोळा वॉनचा एक रुपया धरला तर झाले जवळजवळ १ लाख ४४ हजार रुपये. बहुतेकांचा हिशेब इथेच संपतो, आणि वैताग येतो तो इथेच. पगार सोलमध्ये मिळणार, भाजी सोलमध्ये घ्यायची, बसचं तिकीट सोलमध्ये काढायचं. मग तुलना नाशिकच्या पगाराशी कशाला? ती तिथल्या पगाराशी करा. कोरियात किमान वेतन दर वर्षी सरकार जाहीर करतं. २०२५ साठी ते तासाला १०,०३० वॉन होतं. महिन्याचा आकडा काढताना २०९ तास धरतात, कारण आठवड्याच्या ४० तासांच्या कामावर ८ तासांची भरपगारी सुट्टी कायद्यानेच मिळते. गुणाकार केला की २० लाख ९६ हजार २७० वॉन येतात. पूर्ण वेळ काम करणाऱ्या कुणालाही त्या वर्षी यापेक्षा कमी देता येत नव्हतं, मग तो दुकानात गल्ल्यावर बसलेला असो की हॉटेलात भांडी घासत असो. म्हणजे पदवी, पोलिसांचा दाखला, त्यावरचे शिक्के आणि अर्ध्या जगाचा प्रवास यांची मिळून किंमत झाली महिन्याला दोन लाख चार हजार वॉन. तासाला साठेक रुपये.

हे नेहमीच असं नव्हतं, आणि गैरसमज इतका टिकाऊ का याचं उत्तर यातच आहे. २०१० साली किमान वेतन तासाला ४,११० वॉन होतं, म्हणजे महिन्याला साडेआठ लाखांच्या वर थोडंसं. तेव्हाही क्लासचा पगार २१ लाखांच्या आसपासच होता, पण तो किमान वेतनाच्या जवळजवळ अडीचपट भरत होता. त्या काळात जाऊन आलेला माणूस ‘चांगले पैसे मिळतात’ म्हणाला तर तो खरंच बोलत होता. पुढे किमान वेतन चढत गेलं, २०१८ मध्ये तर एका वर्षात १६ टक्क्यांहून जास्त वाढलं. इंग्रजी शिकवणाऱ्याचा पगार मात्र होता तिथेच पाय रोवून बसला. कारण सोपं आहे. करार एका वर्षाचा, बहुतेक शिक्षक एक-दोन वर्षांत परत जाणार, आणि त्यांच्या जागी नुकतीच पदवी घेतलेली नवी तुकडी येणार, जिला जुना दर काय होता याचा पत्ताही नसतो. वेतनश्रेणी नाही, त्यामुळे वाढ मागायची तरी कशाच्या आधारावर? वर मुलंच कमी होत चालली आहेत. कोरियाचा जननदर २०२३ मध्ये ०.७२ पर्यंत उतरला होता. जिथे गिऱ्हाईक आटतं तिथे मालक आधी पगाराला कात्री लावतो.

आता ‘फक्त ३० तास’. करारात हे तास ‘शिकवण्याचे’ असतात, आणि अनेक करारांत एक तास म्हणजे ६० मिनिटं प्रत्यक्ष फळ्यासमोर, अशी व्याख्या बारीक अक्षरात दिलेली असते. क्लासमधली तासिका बहुधा ४० मिनिटांची. तीस तासांची १,८०० मिनिटं, त्याला ४० ने भागा: आठवड्याला ४५ तासिका, रोजच्या नऊ. आपल्याकडे शाळेतल्या ज्या शिक्षकाला दिवसाला सहा तासिका पडतात तो वेळापत्रक करणाऱ्याशी महिनाभर बोलत नाही. नऊ तासिकांचे सहा तास झाले. मधल्या पाच-पाच मिनिटांत एक वर्ग बाहेर काढायचा, दुसरा आत घ्यायचा, कुणाचं दप्तर राहिलं ते शोधायचं. ही पाच मिनिटं शिकवण्याची नव्हेत, म्हणून मोजायची नाहीत. वह्या तपासणं, पालकांना महिन्याचा अहवाल, भाषणस्पर्धेची तयारी, यातलं काहीच ‘शिकवणं’ नाही. दुपारी एकला आलेला माणूस रात्री नऊला निघतो, आणि आठवड्याचे ४० तास भरतात. वर केलेला ताशी हिशेब ४० तासांचाच होता, हे लक्षात असू द्या. क्लासने रोज अर्धा तास आधी बोलावलं की ते साठ रुपयेही वितळायला लागतात.

सरकारी शाळेत चित्र वेगळं आहे, हे मान्य करायला हवं. तिथे आठवड्याला २२ तासिका आणि सोबत कोरियन शिक्षक, त्यामुळे दमछाक कमी. पण शाळेत हजर राहायचं ते ४० तासच, आणि विद्यार्थ्यांना सुट्टी लागली तरी शिक्षकाला लागत नाही. रिकाम्या शाळेत हीटर लावून दिवसभर बसून राहायचं, या प्रकाराला तिथल्या परदेशी शिक्षकांनी ‘खुर्ची ऊबदार ठेवणं’ या अर्थाचं नावच पाडलं आहे. ‘शिक्षकाला काय, सुट्ट्याच सुट्ट्या’ हा आपला घरगुती समज तिकडे नेऊन चालत नाही. क्लासमध्ये तर पहिल्या वर्षी कायद्याने दर पूर्ण महिन्यामागे एक, म्हणजे फार तर ११ रजा, आणि पाचांपेक्षा कमी कर्मचारी असतील तर त्याचीही सक्ती नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप: घर फुकट मिळतं ते का धरत नाही? जरूर धरू. घराऐवजी पैसे मागितले तर सरकारी शाळा वर्षानुवर्षं महिना ४ लाख वॉन देत आल्या. तेवढे मिळवले तर पगार २७ लाखांवर जातो, आणि हा खरा फायदा आहे. शिवाय कोरियात भाड्याच्या खोलीसाठी लाखो वॉनची अनामत भरावी लागते, ती वाचते. त्याच क्लासमधल्या कोरियन शिक्षिकेला सहसा घर मिळत नाही आणि पगारही अनेकदा कमीच असतो, हेही तितकंच खरं. पण ‘फुकट’ घराचं वीज-गॅस बिल आणि इमारतीचा देखभालखर्च शिक्षकाकडे असतो, पहिल्या काही पगारांतून अनामतीपोटी रक्कम कापली जाते, आणि मुख्य म्हणजे ते घर नोकरीचं असतं. नोकरी सुटली की खोली सुटली. त्यातच व्हिसाही सुटतो.

व्हिसाच्या मुद्द्यापाशी पगाराची चर्चा कामाच्या परिस्थितीच्या चर्चेत मिसळते. ‘ई-२’ हा शिक्षकाचा व्हिसा ठरावीक मालकाच्या नावावर असतो. कराराच्या मध्येच दुसरीकडे जायचं तर आधीच्या मालकाचं ‘आमची हरकत नाही’ असं पत्र लागतं, आणि ज्याच्याशी बिनसलं त्याच्याकडेच ते मागायला जायचं असतं. बाहेर शिकवणी घेऊन दोन पैसे जोडावेत म्हटलं तर या व्हिसावर ते बेकायदा. दंड होतो, देशाबाहेरही काढतात. तेव्हा ‘नाही पटलं तर सोडून दुसरी धरायची’ हा सल्ला ऐकायला सोपा आणि करायला महाग आहे. कागदावरचा पगार तोच राहतो, पण ज्याला सोडून जाता येतं त्याच्या हातातले २३ लाख आणि ज्याला जाता येत नाही त्याच्या हातातले २३ लाख यांची किंमत सारखी नसते.

याचा सगळ्यात उघडा पुरावा म्हणजे वर्षअखेरचा ‘बोनस’. जाहिराती मोठ्या तोऱ्यात लिहितात की करार पूर्ण केल्यावर एक महिन्याचा जादा पगार. तो मालकाचा मोठेपणा मुळीच नव्हे. सलग एक वर्ष काम केलेल्याला दर वर्षामागे ३० दिवसांचं सरासरी वेतन द्यायचं आणि तेही नोकरी सुटल्यापासून १४ दिवसांत, हा कोरियन कायदा आहे. आपल्या ग्रॅच्युइटीचा भाऊच, फक्त आपल्याकडच्या कायम नोकरीसारखी पाच वर्षं थांबायला न लावणारा. पण वर्ष पूर्ण झालं नाही तर काहीच मिळत नाही. म्हणून अकराव्या महिन्यात अचानक शिक्षकाच्या शिकवण्यात खोट सापडण्याची पद्धत या धंद्यात कुप्रसिद्ध आहे. दुसरी युक्ती अशी की शिक्षकाला कर्मचारी म्हणायचंच नाही, ‘स्वतंत्र व्यावसायिक’ म्हणायचं आणि ३.३ टक्के कर कापून हातात पैसे ठेवायचे. शिक्षक खूश, कारण कपात कमी. पण निवृत्तिवेतन आणि आरोग्यविम्याचा मालकाने भरायचा अर्धा हिस्सा त्यात गुपचूप गायब होतो. कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये एका प्रवेशपरीक्षेच्या क्लासमधल्या शिक्षकांच्याच दाव्यात निकाल दिला की कराराला नाव काय दिलं ते गौण. काम कुणाच्या हुकमाखाली, कुणाच्या वेळापत्रकाने होतं ते पाहायचं. म्हणजे कायदा शिक्षकाच्या बाजूचा आहे. कामगार कार्यालयात तक्रार करायला पैसेही पडत नाहीत. फक्त ती तक्रार चालेपर्यंत त्या देशात, कुठल्या तरी खोलीत, कुठल्या तरी व्हिसावर राहता यायला हवं.

मग लोक जातात कशाला? कारण बाविसाव्या वर्षी, अंगावर कर्ज असताना, एक वर्ष घरभाडं न देता नवा देश पाहायला मिळणं हा सौदा वाईट नाही. सगळे क्लास लबाड नाहीत, बरेच वेळच्या वेळी पगार करतात. तक्रार सौद्याविषयी नाही, तो गलेलठ्ठ पगाराची नोकरी म्हणून विकला जातो त्याविषयी आहे.

आणि मराठी वाचकासाठी मोठा खुलासा वेगळाच आहे. ‘ई-२’ व्हिसा मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. इंग्रजी किती चांगलं येतं याच्या आधी पासपोर्ट पाहिला जातो. न्यू जर्सीत वाढलेली देशपांड्यांची मुलगी कुठल्याही विषयातल्या पदवीवर पात्र ठरते, पुण्यात एम. ए. इंग्रजी करून दहा वर्षं शिकवणारी तिची आतेबहीण त्याच दारातून आत जाऊ शकत नाही. भारत आणि कोरिया यांच्यातला आर्थिक भागीदारीचा करार १ जानेवारी २०१० पासून लागू आहे आणि त्यात भारतीयांसाठी एक फट ठेवलेली आहे. पण ती शिक्षकी पात्रता असलेल्यांना सरकारी शाळेत साहाय्यक म्हणून घेण्यापुरती, क्लाससाठी नव्हे. ‘कोरियात इंग्रजी शिक्षकांची भरती, भारतीयांना सुवर्णसंधी’ असं म्हणून कुणी नोंदणी शुल्क मागितलं तर कोणता व्हिसा, एवढं एकच विचारावं.

बाकीचे समज किरकोळ आहेत. १२० तासांचं ऑनलाइन प्रमाणपत्र घेतलं की नोकरी पक्की: अशी प्रमाणपत्रं जगभर मान्य करणारी एकच एक संस्था अस्तित्वात नाही, आणि कोरियात व्हिसासाठी पदवी लागतेच. पर्यटक म्हणून जायचं, नोकरी तिथे शोधायची आणि लगेच वर्गावर उभं राहायचं: त्या व्हिसावर शिकवणं हा गुन्हा आहे, मग क्लासवाला काहीही म्हणो. कंपनी मोठी म्हणजे पगार सुरक्षित: जपानमधली इंग्रजी क्लासची सर्वांत मोठी साखळी, ‘नोव्हा’, ऑक्टोबर २००७ मध्ये कोसळली तेव्हा हजारो परदेशी शिक्षकांचे पगार अडकले होते. चीनमध्ये मागणी कधीच आटणार नाही: जुलै २०२१ मध्ये एका सरकारी आदेशाने शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवर बंदी आली आणि परदेशात बसून चिनी मुलांना ऑनलाइन शिकवणाऱ्यांचं काम बघता बघता गेलं. आखातात सगळा पगार करमुक्त, त्यामुळे नोकरीअखेरची रक्कमही घसघशीत: संयुक्त अरब अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी ग्रॅच्युइटी दर वर्षामागे २१ दिवसांची असते आणि ती मूळ वेतनावर मोजतात, भत्त्यांवर नाही. जिथे पगारपत्रकात मूळ वेतन छोटं आणि भत्ते मोठे दाखवलेले असतात, तिथे ते तसे का दाखवलेत हे मग वेगळं सांगावं लागत नाही.