संग्राह्य नाण्यांच्या ऑनलाइन विक्रीतील वाद

संग्राह्य नाण्यांच्या ऑनलाइन विक्रीतील वाद म्हणजे जुनी, दुर्मीळ नाणी किंवा स्मृतिनाणी आंतरजालावरून विकताना विक्रेता व खरेदीदार यांच्यात नाण्याचा अस्सलपणा, प्रत, किंमत, पोच किंवा परतावा यांवरून निर्माण होणारे मतभेद होत. दुकानात किंवा नाणेप्रदर्शनात खरेदीदार नाणे हातात घेतो, भिंगाखाली पाहतो आणि मगच पैसे देतो. ऑनलाइन व्यवहारात तो केवळ छायाचित्र व वर्णन यांवर विसंबून निर्णय घेतो. अशा व्यवहारातील बरेचसे वाद छायाचित्रातील नाणे आणि हाती आलेले नाणे यांच्यातील अंतरातून जन्म घेतात. त्यामुळे त्यांचे निराकरणही विक्रीपूर्वी ठेवलेल्या नोंदींवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

वादाची कारणे

नाण्याची किंमत धातूपेक्षा दुर्मीळता व प्रत यांवर अधिक ठरते. प्रत म्हणजे नाण्यावरील ठशाची स्पष्टता, झीज, ओरखडे आणि पृष्ठभागाची मूळ चमक यांवरून ठरणारा दर्जा. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या सेंटसाठी १ ते ७० अंकांची श्रेणी मांडली व पुढे ती इतर नाण्यांनाही लावली जाऊ लागली. तरीही प्रत ठरवण्यात दृष्टिभेद उरतोच. विक्रेत्याला ‘उत्तम’ वाटलेले नाणे खरेदीदाराला ‘बरे’ वाटू शकते. प्रकाशाच्या कोनानुसार ओरखडे छायाचित्रात लपतात किंवा असतात त्याहून ठळक दिसतात.

नाण्यांविषयीची अपुरी माहिती हे दुसरे कारण होय. शिवराई हे तांब्याचे नाणे हाताने ठसा मारून पाडलेले असे. त्यामुळे ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ ही अक्षरे बहुतेक नाण्यांवर पूर्ण उमटलेली नसतात. यंत्रावर पाडलेली नाणी पाहण्याची सवय असलेल्या खरेदीदाराला असे नाणे सदोष वाटते. व्हिक्टोरिया राणीच्या १८६२ सालच्या रुपयाबाबत वेगळी अडचण येते. तेच साल कायम ठेवून हा रुपया पुढेही काही वर्षे पाडला गेला आणि त्याचे प्रकार ठिपक्यांच्या संख्येवरून व जागेवरून ओळखले जातात. वर्णनात ठिपक्यांचा उल्लेख नसल्यास ‘मागितला तो प्रकार मिळाला नाही’ अशी तक्रार येते.

बनावट नाण्यांमुळे अविश्वास वाढतो. सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया दुर्मीळ मानला जातो आणि १९३८ च्या रुपयातील अंक बदलून त्याच्या नकला केल्या जातात. रामदरबाराचे चित्र आणि कंपनी सरकारचे नाव असलेली ‘रामटंका’ नावाची टोकने चलनी नाणी म्हणून विकली जातात, पण ती चलनी नाणी नव्हेत.

खरेदीदारांच्या वर्तनाचे प्रकार

तक्रार करणारा प्रत्येक खरेदीदार अप्रामाणिक नसतो. ढोबळमानाने पुढील प्रकार आढळतात.

गैरसमज झालेला खरेदीदार वर्णन नीट न वाचता नाणे घेतो व नंतर निराश होतो. शांतपणे दिलेले स्पष्टीकरण अशा वेळी बहुधा पुरेसे ठरते.

घासाघीस करणारा खरेदीदार नाणे मिळाल्यावर बारीकसा दोष दाखवून काही रक्कम परत मागतो. त्याला नाणे हवे असते, पण कमी किमतीत. अशा वेळी अंशतः रक्कम देण्यापेक्षा नाणे परत घेऊन पूर्ण रक्कम देण्याची तयारी दाखवणे अधिक हिताचे असते. खरी हरकत असलेला खरेदीदार हा पर्याय स्वीकारतो, तर केवळ सूट हवी असलेला बहुधा नाणे स्वतःकडेच ठेवतो.

बोली लावून पैसे न देणारा खरेदीदार विक्रेत्याचा वेळ घालवतो आणि खऱ्या बोलीदारांची संधीही हिरावतो. लिलावाच्या अटींत पैसे भरण्याची मुदत आधीच नमूद केलेली असल्यास ती संपताच व्यवहार रद्द करता येतो.

नाणे बदलून परत करणारा खरेदीदार सर्वांत घातक होय. तो चांगले नाणे स्वतःकडे ठेवतो आणि त्याच सालाचे झिजलेले किंवा बनावट नाणे परत पाठवतो. एकाच सालाची हजारो नाणी सारखीच दिसत असल्याने, मूळ नाण्याची ओळख पटवणारी नोंद नसेल तर विक्रेत्याचा दावा टिकत नाही.

नोंदी आणि वर्णन

प्रत्येक नाण्याला त्याची अशी काही लक्षणे असतात. कडेवरचा खड्डा, राजाच्या गालावरचा ओरखडा, ठशाचा किंचित कललेला कोन किंवा रंगाचा डाग या गोष्टी दुसऱ्या नाण्यात तशाच सापडणे जवळपास अशक्य असते. म्हणून दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रे एकाहून अधिक कोनांतून घेतली जातात. वजन ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर नोंदवले जाते. ब्रिटिशकालीन चांदीच्या रुपयाचे प्रमाणित वजन ११.६६ ग्रॅम होते, म्हणून त्यात लक्षणीय फरक आढळल्यास ते नाणे संशयास्पद ठरते.

वर्णनात दोष लपवण्यापेक्षा ते आधी सांगणे विक्रेत्याच्याच फायद्याचे असते. नाणे घासून किंवा रसायनाने स्वच्छ केले असल्यास तसे लिहावे लागते, कारण अशा नाण्याची किंमत संग्राहकांच्या लेखी घटते. अस्सलपणाची खात्री नसेल तेथे ‘अस्सल’ हा शब्द टाळला जातो. मौल्यवान नाणे प्रतवारी संस्थेकडून तपासून क्रमांकित बंद डबीत घेतल्यास नाणे बदलण्याची शक्यता खूप कमी होते. मात्र डब्यांचीही नक्कल होत असल्याने क्रमांक संस्थेच्या नोंदीशी ताडून पाहणे आवश्यक असते.

पुडके बांधतानाचे चित्रीकरण, विमा उतरवलेले टपाल आणि सहीनिशी पोचपावती हे पुरावे ‘नाणे मिळालेच नाही’ या तक्रारीला उत्तर देतात. परत आलेले पुडकेही चित्रीकरण करत उघडून, वजन व छायाचित्रे ताडून पाहिल्यावरच रक्कम परत करणे सुरक्षित असते. संवाद संकेतस्थळाच्या संदेशपेटीतून झाल्यास तो पुरावा म्हणून उपलब्ध राहतो, दूरध्वनीवरील बोलण्याचा असा उपयोग होत नाही.

बनावट खरेदीदार

काही वेळा खरेदीदार मुळात खरेदीदारच नसतो. वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच-दहा रुपयांचे नाणे लाखो रुपयांना विकले जाते, अशा अफवांमुळे अनेक सामान्य लोक घरातील नाण्यांची जाहिरात देतात. त्यांना दूरध्वनी येतो, प्रचंड किंमत देऊ केली जाते आणि मग नोंदणी, कर किंवा कमिशन या नावाखाली आगाऊ रक्कम मागितली जाते. असे प्रकार भारतीय रिझर्व्ह बँकेच्या नावानेही होऊ लागल्याने बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला. जुन्या नोटा व नाण्यांच्या अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण कोणतेही शुल्क आकारत नाही, असे बँकेने स्पष्ट केले.

पैसे भरल्याचे खोटे छायाचित्र पाठवणे किंवा ‘रक्कम मिळवण्यासाठी’ क्यूआर कोड स्कॅन करायला लावणे हेही फसवणुकीचे नेहमीचे मार्ग आहेत. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. रक्कम खात्यात जमा झाल्याची खातरजमा करूनच नाणे पाठवले जाते. भारतात आर्थिक सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर करता येते.

कायदेशीर चौकट

भारतात वस्तुविक्री अधिनियम, १९३० नुसार वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळली पाहिजे. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार सदोष, बनावट किंवा जाहिरातीशी न जुळणारी वस्तू परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. नियमित व्यवसाय म्हणून नव्हे, तर वैयक्तिकरीत्या विक्री करणाऱ्या व्यक्तीला हे नियम लागू होत नाहीत.

किमान शंभर वर्षे जुनी नाणी पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ च्या कक्षेत येतात. त्यांच्या विक्रीच्या व्यवसायासाठी परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाहीत. परदेशस्थ खरेदीदाराने कितीही आग्रह केला तरी शिवराई किंवा व्हिक्टोरियाचा रुपया टपालाने बाहेर पाठवणे बेकायदेशीर ठरते. जमिनीत सापडलेल्या नाण्यांसाठी १८७८ चा निखातनिधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून अधिक मूल्याचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे त्यानुसार बंधनकारक आहे.

अभिप्राय आणि प्रतिष्ठा

ऑनलाइन विक्रेत्याची पत खरेदीदारांच्या अभिप्रायांवर उभी असते. ईबे या संकेतस्थळावर पूर्वी विक्रेता व खरेदीदार दोघेही एकमेकांविषयी प्रतिकूल अभिप्राय देऊ शकत. विक्रेते सूडबुद्धीने असे अभिप्राय देत असल्याने खरेदीदार खरे बोलण्यास कचरत. म्हणून २००८ मध्ये खरेदीदाराविषयी प्रतिकूल अभिप्राय देण्याची विक्रेत्यांची मुभा काढून घेण्यात आली. त्यानंतर प्रतिकूल अभिप्रायाची धमकी देऊन सूट मागण्याचे प्रकार होतात, अशी विक्रेत्यांची तक्रार राहिली आहे. अशा धमकीचा लेखी संदेश संकेतस्थळाच्या व्यवस्थापनाकडे सादर करता येतो. प्रतिकूल अभिप्रायाला दिलेले संयत, तपशीलवार उत्तर पुढील खरेदीदारही वाचत असल्याने त्याचे महत्त्व त्या एका व्यवहारापुरते मर्यादित राहत नाही.