सुईची कुजबुज

आजोबांच्या ट्रंकेत काळ्या तबकड्यांचा गठ्ठा सापडतो. कुणीतरी हौसेनं रेकॉर्ड प्लेयर आणतं, म्युझिक सिस्टीमला जोडतं, सुई अलगद टेकवतं आणि आवाज येतो तो शेजारच्या बिल्डिंगमधून आल्यासारखा! मग व्हॉल्यूमचं बटण पार शेवटपर्यंत. गाणं थोडं वाढतं, पण ‘घूंऽऽ’ अशी घरघरही वाढते. ‘रेकॉर्ड्स गेल्या कामातून, द्या रद्दीवाल्याला,’ असा निकाल लागतो.

जरा थांबा. पुष्कळदा रेकॉर्ड ठणठणीत असते, चुकलेला असतो तो गुणाकार.

खाचेतून जाताना सुई थरथरते. तिच्या दांडीच्या दुसऱ्या टोकाला चिमुकला लोहचुंबक असतो आणि शेजारी तारेची वेटोळी. चुंबक हलला की तारेत वीज निर्माण होते. मायकेल फॅरडेनं १८३१ साली दाखवलेलं हेच ते तत्त्व. हा सगळा संसार ज्या डबीत मावतो तिला कार्ट्रिज म्हणतात. हा झाला ‘मूव्हिंग मॅग्नेट’ प्रकार, म्हणजेच एमएम. दुसऱ्या प्रकारात चुंबक जागच्या जागी आणि वेटोळी हलतात, तो ‘मूव्हिंग कॉइल’ किंवा एमसी. हलणारी वेटोळी हलकी हवीत, म्हणून तार अगदी थोडी. तार थोडी, म्हणून वीजही थोडी.

किती थोडी? ऑर्टोफोनचं ‘टू एम रेड’ हे एमएम कार्ट्रिज साडेपाच मिलिव्होल्ट देतं. टॉर्चच्या सेलचा दाब दीड व्होल्ट, म्हणजे १५०० मिलिव्होल्ट असतो! जपानच्या एनएचके या नभोवाणी संस्थेसाठी १९६०च्या दशकात तयार झालेलं डेनॉनचं ‘डीएल-१०३’ हे एमसी कार्ट्रिज तर फक्त ०.३ मिलिव्होल्ट देतं. ही कुजबुज अँप्लिफायरला ऐकू जावी म्हणून मध्ये फोनो प्रीअँप लागतो. (रेकॉर्ड कापताना दाबलेला खर्जाचा आवाजही तोच पुन्हा वर आणतो.)

त्याच्यावर ४० डीबी, ६० डीबी असे आकडे असतात. घाबरू नका. इथे दर २० डीबीला दहापट. म्हणून ४० म्हणजे १०० पट आणि ६० म्हणजे १००० पट. आता वही काढा. ५.५ गुणिले १०० म्हणजे ५५० मिलिव्होल्ट, झकास! अँप्लिफायरला पाव-अर्धा व्होल्ट मिळाला की तो खूश. पण ०.३ गुणिले १०० म्हणजे फक्त ३०. हाच तो शेजारच्या बिल्डिंगमधला आवाज. त्याला १००० पटच हवी, मग ३०० होतात.

आणि उलट झालं तर? ५.५ गुणिले १००० म्हणजे साडेपाच व्होल्ट. गायकानं वरची तान घेतली की त्याच्याही कितीतरी पट. बिचाऱ्या प्रीअँपला तेवढं झेपत नाही आणि आवाज फाटतो. लोकांना वाटतं सुई खराब झाली!

जुन्या सूटकेस प्लेयरची गंमत वेगळीच. त्यातलं क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज स्वतःच शेकडो मिलिव्होल्ट देतं, त्याला हा प्रीअँप नकोच. आणि हल्लीच्या कित्येक प्लेयरमध्ये प्रीअँप आतच बसवलेला असतो. तो चालू असताना वायर पुन्हा अँप्लिफायरच्या ‘फोनो’ भोकात खुपसली, तर दोनदा गुणाकार!

तेव्हा कार्ट्रिजबरोबरचा कागद शोधा आणि त्यावर मिलिव्होल्टचा आकडा पाहा. तीन ते सहाच्या आसपास असेल तर प्रीअँपचं बटण ‘एमएम’वर, अर्ध्याहून कमी असेल तर ‘एमसी’वर. काही एमसी कार्ट्रिजं दोनेक मिलिव्होल्ट देतात, ती मात्र ‘एमएम’वरच लावतात. म्हणून नावापेक्षा आकड्यावर विश्वास ठेवा. बटण बदलण्याआधी व्हॉल्यूम शून्यावर आणायला विसरू नका, बरं का! नाहीतर ‘धाड्’ असा आवाज होईल आणि स्पीकरचा पडदा फाटायचा. हे काम आईबाबा घरात असताना केलेलं बरं. आणि तोवर तो गठ्ठा रद्दीवाल्याच्या नजरेला पडू देऊ नका.