कंदील, जाते आणि रिकामा हात

पत्त्यांच्या बहुतेक खेळांत नशीब पिसण्यात असते आणि कौशल्य उतारीत. मेंढीकोट असो वा रमी, सारे भिडू एकाच ठिकाणचे पत्ते वाटून घेतात आणि खेळाडूची कसोटी पत्ते हाती आल्यावरच सुरू होते. 'मॅजिक: द गॅदरिंग' या खेळाने १९९३ साली ही रीत मोडली. रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकी गणितज्ञाने रचलेल्या आणि 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने बाजारात आणलेल्या या खेळात प्रत्येक खेळाडू आपली गड्डी, म्हणजे 'डेक', घरूनच बांधून आणतो. हजारो निरनिराळ्या पत्त्यांतून कोणते घ्यावेत आणि कोणते टाळावेत, हा निर्णयच निम्मा खेळ आहे. म्हणूनच या खेळाचा इतिहास जितका विजेत्यांचा, तितकाच विचित्र डेक बांधणाऱ्यांचाही आहे. या विचित्र डेकांत 'लँटर्न कंट्रोल' या डेकचे स्थान फार वरचे आहे.

नियम थोडक्यात असे. दोन खेळाडू म्हणजे दोन मांत्रिक. प्रत्येकाकडे २० प्राण. डेकमध्ये किमान ६० पत्ते असावे लागतात आणि मूलभूत भूमीचे पत्ते वगळता एकाच नावाचे चारांहून अधिक पत्ते घेता येत नाहीत. भूमीच्या पत्त्यांतून 'मॅना' नावाची शक्ती मिळते आणि तिच्या बळावर राक्षस, योद्धे, मंत्र व जादुई वस्तू टेबलावर उतरतात. आरंभी सात पत्ते हाती येतात, पुढे प्रत्येक पाळीला एक. प्राण संपले की हार. मात्र हरण्याची आणखी एक वाट आहे. पत्ता उचलण्याची वेळ आली आणि गड्डीत एकही पत्ता उरला नसेल, तरीही खेळाडू हरतो. नवखे खेळाडू या दुसऱ्या नियमाकडे सहसा लक्ष देत नाहीत, कारण बहुतेक डाव तिथवर पोहोचतच नाहीत.

रूढ डेकबांधणीचे दोन संप्रदाय नव्वदच्या दशकातच रुजले. ब्रायन वाइसमन यांच्या 'द डेक' या नावाने गाजलेल्या गड्डीने दाखवले, की प्रतिस्पर्ध्याच्या प्रत्येक चालीला उत्तर देत राहिले आणि त्याच्यापेक्षा अधिक पत्ते मिळवत गेले, तर विजयासाठी एखाददुसरा राक्षसही पुरतो. त्याउलट १९९६ मध्ये पॉल स्लाय यांनी अटलांटा येथील पात्रता स्पर्धेत खेळलेल्या गड्डीत, जिच्या रचनेचे श्रेय जे श्नायडर यांना दिले जाते, क्षुल्लक समजले जाणारे स्वस्त योद्धे भरलेले होते. दर पाळीचा मॅना पूर्ण वापरला जाईल अशा हिशेबाने ते निवडले होते. एक पंथ संयमाचा, दुसरा वेगाचा. दोन्हींत पत्त्याची किंमत मात्र एकाच मापाने ठरते: तो टेबलावर काय करतो?

'लँटर्न कंट्रोल'ने हे मापच बाजूला ठेवले.

या डेकचा कणा असलेले पत्ते वर्षानुवर्षे खोक्यांच्या तळाशी पडून होते. 'लँटर्न ऑफ इनसाइट' हा २००४ च्या 'फिफ्थ डॉन' संचातील कंदील. तो टेबलावर असेपर्यंत दोन्ही खेळाडूंच्या गड्डीतील सर्वांत वरचा पत्ता उघडा राहतो, बस्स. 'गूलकॉलर्स बेल' ही २०११ ची घंटा वाजवली, की दोघांच्याही गड्डीचा वरचा पत्ता स्मशानात, म्हणजे बाद पत्त्यांच्या ढिगात जातो. २०१२ चा 'कोडेक्स श्रेडर' तेच काम करतो, फक्त कोणाची गड्डी ते निवडता येते. पत्ते असे स्मशानात घालण्याच्या क्रियेला खेळाडू 'मिल' म्हणतात. १९९४ च्या एका संचातील 'मिलस्टोन' या पत्त्यावरून, म्हणजे चक्क जात्यावरून, हा शब्द रूढ झाला. तेव्हा श्रेडर आणि घंटा यांना मराठीत जाते म्हणण्यास हरकत नसावी.

आता या जात्यांची मौज पाहा. ती एकटी असली तर जवळपास निरुपयोगी असतात. प्रतिस्पर्ध्याच्या गड्डीतला वरचा पत्ता न पाहता दळून टाकला, तर त्याचे काय बिघडते? गेलेला पत्ता अज्ञात होता आणि खालून वर आलेलाही अज्ञातच आहे. हवा तो पत्ता मिळण्याची त्याची शक्यता काडीइतकीही बदलत नाही. उत्तम पत्ता स्मशानात जाताना पाहून नवख्याचा जीव हळहळतो, पण तितक्याच वेळा जाते कुचकामी पत्ता दळून उत्तम पत्ता वर आणून ठेवते.

कंदील लागला की चित्र पालटते. वरचा पत्ता निरुपद्रवी दिसला, तर तो प्रतिस्पर्ध्याला खुशाल उचलू द्यायचा. घातक दिसला, तर त्याने उचलण्यापूर्वीच दळून टाकायचा. प्रतिस्पर्ध्याच्या गड्डीतील दर तीन पत्त्यांपैकी एक घातक आहे असे धरू. एकही जाते नसेल तर दर पाळीला घातक पत्ता मिळण्याची शक्यता ३ त १. एक जाते असेल तर सलग दोन पत्ते घातक निघाले तरच तो मिळेल, म्हणजे ९ त १. दोन जाती असतील तर २७ त १ आणि तीन असतील तर ८१ त १. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा स्पष्ट आहे. दहा पाळ्यांत एकही घातक पत्ता न मिळण्याची शक्यता जात्यांविना २ टक्क्यांहूनही कमी असते, तर तीन जात्यांनिशी ती ८८ टक्क्यांच्या आसपास जाते. कंदील आणि जाते यांपैकी कोणीच प्रतिस्पर्ध्याला इजा करत नाही. त्याचे भविष्य तेवढे ताब्यात जाते.

रिकाम्या हाताचे बळ

पण मुळात 'घातक' कोणाला म्हणायचे? या प्रश्नाचे उत्तर डेकमधील दुसरा आधारस्तंभ देतो. 'एन्स्नेअरिंग ब्रिज' हा १९९८ चा पूल. ज्या योद्ध्याचे बळ पुलाच्या मालकाच्या हातातील पत्त्यांच्या संख्येहून अधिक आहे, तो हल्ला करू शकत नाही. हाती पत्ते राखून ठेवणे ही या खेळातील श्रीमंती. इथे मात्र हात रिकामा करणे हेच उद्दिष्ट. हाती एकही पत्ता नसला, की एक बळाचा उंदीरही चाल करून येत नाही. यासाठी डेकमधील पत्ते शक्य तितके स्वस्त, शून्य वा एक मॅनाचे ठेवलेले असतात. मिळाला की टेबलावर उतरवला. प्रतिस्पर्ध्याच्या गड्डीतील सारे योद्धे एका फटक्यात निरुपद्रवी ठरतात आणि वरच्या हिशेबातले 'तीनांत एक' हे प्रमाण 'दहांत एक'वर येते. मग दोनच जात्यांनिशी धोका हजारात एक उरतो. प्रत्येक कुलूप घातक पत्त्यांचे प्रमाण घटवते, प्रत्येक जाते त्या प्रमाणाला पुन्हा स्वतःनेच गुणते. डेकची ताकद बेरजेची नसून गुणाकाराची आहे आणि ती एकेका पत्त्याकडे पाहून कधीच कळत नाही.

उरतात ते प्रतिस्पर्ध्याच्या हाती आधीच आलेले पत्ते. त्यांच्यासाठी 'थॉटसीझ' आणि 'इन्क्विझिशन ऑफ कोझिलेक' हे एक मॅनाचे मंत्र असतात. पहिल्याच पाळीत समोरच्याचा हात पाहायचा आणि सर्वांत त्रासदायक पत्ता काढून टाकायचा. 'पिथिंग नीडल' ही सुई एखाद्या पत्त्याचे नाव घेऊन त्याच्या शक्ती गोठवते.

बांधणीत आणखी एक धडा दिसतो. एखादा पत्ता चार प्रतींत असेल, तर आरंभीच्या सात पत्त्यांत तो निदान एकदा दिसण्याची शक्यता ४० टक्के असते. एकाच कामाचे आठ पत्ते असतील, तर ती ६५ टक्क्यांवर जाते. चार प्रतींची मर्यादा नावाला आहे, कामाला नाही. म्हणून श्रेडर अधिक चांगला असूनही दुय्यम दर्जाची घंटा सोबत घ्यावी लागते. कंदिलाला मात्र तसा जोडीदार नाही. त्याला शोधून आणणारे पत्ते घ्यावे लागतात. २०१७ साली आलेल्या 'व्हर ऑफ इन्व्हेन्शन' या मंत्राने, जो जादुई वस्तू गड्डीतून थेट टेबलावर आणतो, हा शोध बराच सुकर केला.

जिंकायचे कसे, हा प्रश्न अखेरीस येतो आणि त्याचे उत्तर जवळजवळ विनोदी आहे. काहीच करायचे नाही. सात पत्ते हाती गेल्यावर गड्डीत ५३ उरतात. तीन जाती आणि प्रतिस्पर्ध्याने स्वतः उचललेला एक असे दर पाळीला चार पत्ते गेले, तर तेरा-चौदा पाळ्यांत गड्डी संपते. 'अकॅडमी रुइन्स' ही भूमी स्मशानातील वस्तू पुन्हा आपल्या गड्डीवर ठेवत राहते, त्यामुळे चालकाची गड्डी आधी संपत नाही.

डेक अभेद्य मात्र नाही. पुलावरून न येणारा हल्ला, म्हणजे थेट प्राणांवर सोडलेले विजेचे व अग्नीचे मंत्र, त्याला फार जाचतात. 'स्टोनी सायलेन्स' हा पत्ता उतरला, की कंदील तेवत राहतो, पूलही टिकतो, पण जाती थांबतात. आणि एम्राकूलसारखा महाकाय जीव गड्डीत असेल, तर तो स्मशानात पडताच सारे स्मशान पुन्हा गड्डीत पिसले जाते. दळण पहिल्यापासून सुरू!

सर्वांत मोठा शत्रू बहुधा घड्याळ असावे. स्पर्धेतील सामना तीन डावांचा आणि वेळ ५० मिनिटे. वेळ संपल्यावर फक्त पाच जादा पाळ्या मिळतात. पहिला डाव गमावलेल्या चालकाला दुसऱ्या डावात प्रतिस्पर्ध्याला पुरते जखडूनही तो वेळेत संपवता आला नाही, तर सामना हातचा जातो. उलट पहिल्या डावात जखडलेल्या प्रतिस्पर्ध्याने वेळीच डाव सोडणे त्याच्याच हिताचे, कारण उरलेल्या दोन डावांना वेळ लागतो. म्हणजे पराभव ओळखण्याचेही कौशल्य लागते. ते अनेकांना जड जाते, कारण समोर २० प्राण शाबूत दिसत असतात.

यातूनच या डेकवरील मुख्य आक्षेप येतो. प्रतिस्पर्ध्याला हरवणे वेगळे आणि खेळूच न देणे वेगळे, असे अनेकांचे म्हणणे. आक्षेपात तथ्य आहे. पण दर पाळीला समोरच्याचे पत्ते जोखून कोणता द्यावा, कोणता दळावा आणि कोणते जाते स्वतःच्या गड्डीसाठी राखावे, हे ठरवण्याइतकी बौद्धिक मेहनत क्वचितच दुसऱ्या डेकमध्ये लागते.

झॅक एल्सिक यांनी सप्टेंबर २०१५ मध्ये ओक्लाहोमा सिटी येथील ग्रां प्री स्पर्धा याच डेकनिशी जिंकली, तेव्हा अनेकांनी तो योगायोग मानला. फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पेनमधील बिल्बाओ येथे झालेल्या प्रो टूरच्या अंतिम फेरीत अर्जेंटिनाच्या लुइस साल्वात्तो यांनी गेरी थॉम्पसन यांचा पराभव केला. त्यांच्याही हाती हाच कंदील होता. त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू हा किताबही पुढे साल्वात्तो यांनाच मिळाला. डेकचा वेग ज्यावर अवलंबून होता, त्या फुकट मॅना देणाऱ्या 'मॉक्स ओपल'वर जानेवारी २०२० मध्ये 'मॉडर्न' प्रकारात बंदी आली. ती डिसेंबर २०२४ मध्ये उठवण्यात आली. कंदिलावर बंदी घालण्याची वेळ मात्र कोणावर आली नाही.