बंगला : मुळात एक झोपडीच!

टुमदार बंगला, पुढे छोटीशी बाग आणि फाटकावर नावाची पाटी, हे मराठी मध्यमवर्गाचे जुने स्वप्न. श्रीमंतीचा दिमाख मिरवणारा हा शब्द मुळात मात्र गरिबाच्या झोपडीचा आहे, हे सांगून खरे वाटणार नाही.

बंगला म्हणजे बंगाली पद्धतीचे घर. बंगालात पाऊस मुसळधार आणि बांबू मुबलक. पावसाचे पाणी चटकन निथळावे म्हणून बांबू वाकवून गवताच्या छपराला धनुष्यासारखा बाक देत. या बाकावर राजेरजवाडेही भाळले. शहाजहानने आग्र्याच्या किल्ल्यात तो संगमरवरी महालाशेजारी उभा केला, तर विष्णुपूरच्या मल्ल राजांनी १६५५ मध्ये विटांचे 'जोड बंगला' मंदिर बांधले.

सतराव्या शतकात हा शब्द ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदपत्रांत शिरला, तोही तात्पुरत्या झोपड्यांसाठी! पुढे साहेबाने त्याला उंच जोते आणि ऐसपैस व्हरांडा जोडला. मग छावण्यांत बंगले आले, प्रवाशांसाठी डाक बंगले आले. १८६९-७० च्या सुमारास हा बंगला थेट इंग्लंडात, केंट परगण्याच्या समुद्रकिनारी पोहोचला. तिथल्याच बर्चिंग्टन गावी एका बंगल्यात कवी-चित्रकार रोझेटी १८८२ मध्ये वारला.

गंमत पुढेच आहे. इंग्लंडात आज बंगला म्हणजे जिना नसलेले, एकमजली घर. गुडघे कुरकुरू लागले की तिकडची म्हातारी माणसे मोठे घर विकून बंगल्यात राहायला जातात. आपल्याकडे मात्र वर माडी चढवल्याशिवाय बंगल्याला शोभा येत नाही. मुलाबाळांच्या खोल्या वर, देवघर वर, गच्ची त्याहून वर. आणि ज्या आजीआजोबांनी पै-पै जोडून हे घर उभारले, ते उतारवयात खालच्या एका खोलीत अडकून पडतात. संध्याकाळी गच्चीवरून नातवंडांचा गलका ऐकू येतो, पण जिना चढवत नाही.

बंगालच्या त्या शेतकऱ्याकडे श्रीमंती नव्हती. पण त्याच्या घरात आजी आणि नातू एकाच जमिनीवर वावरत. नवे घर बांधणाऱ्याने नकाशावर माडी काढण्यापूर्वी या शब्दाचे मूळ एकदा आठवावे. निदान आईवडिलांची खोली आणि देवघर तरी एकाच मजल्यावर येईल!