शेतालाही रोजा हवा

रमजानचे रोजे सुरू आहेत. पहाटेच्या सहरीपासून मगरिबच्या अजानपर्यंत अन्नपाणी वर्ज्य. रोजा म्हणजे नुसते उपाशी राहणे नव्हे, समोर असतानाही हात आवरणे, हे रोजा न धरणारे आपले शेजारीही जाणतात. एकादशी, श्रावणी सोमवार, पर्युषण यांतही तेच शिकवले जाते. आज हात आवरण्याची ही गोष्ट शेताच्या संदर्भात सांगायची आहे. कारण यंदा रमजान ज्या दिवसांत आला आहे, त्या दिवसांत पुलगावच्या आसपास कुठे कुठे अजून पऱ्हाटी उभी असते.

पर्यावरणशास्त्राला उर्दूत ‘माहौलियात’ म्हणतात. अर्न्स्ट हेकेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८६६ मध्ये या शास्त्राला नाव दिले, ते ‘घर’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. कोणता जीव कुठे राहतो, काय खातो, त्याला कोण खातो आणि घर बदलले की त्याचे काय होते, हे या शास्त्राचे मूळ प्रश्न. त्यांची उत्तरे शोधायला जंगलात जायला नको. पुलगाव ज्या कापसावर वाढले, त्याच्या एका बोंडात ती मिळतात.

आपल्याकडे कापसावर मुख्यतः दोन बोंडअळ्यांनी शेतकऱ्याला रडवले. हिरवी अळी खादाड. तिला कापूस चालतो, तूर चालते, हरभरा आणि टमाटरही चालतात. गुलाबी अळी निवडक. तिचे पोट जवळजवळ कापसावरच अवलंबून. अंड्यातून निघाली की ती कोवळ्या बोंडात शिरते, शिरलेले छिद्र बुजून जाते आणि बोंड बाहेरून निरोगी दिसते. आत सरकी पोखरली जाते, रुई डागाळते. फवारणीचे औषध तिथवर पोचत नाही.

मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक घातलेल्या या झाडातच अळीला मारक असे प्रथिन तयार होते. २००६ मध्ये अशी दोन प्रथिने असलेले वाण आले. सुरुवातीची वर्षे फवारण्या वाचल्या. पण कोट्यवधी अळ्यांत थोड्या अशा असतातच, ज्यांना ते विष बाधत नाही. बाकीच्या मेल्या की मैदान त्यांना मोकळे.

हे ठाऊक असल्यामुळेच एक नियम केलेला होता. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी सरकी मिळे. ती शेताच्या कडेने पाच ओळींत किंवा वीस टक्के क्षेत्रावर, यांपैकी जे जास्त भरेल तेवढी लावायची होती. म्हणजे अळीला तिचा वाटा द्यायचा. त्या ओळींत साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग विष पचवणाऱ्या पतंगांशी जुळतात आणि त्यांची बहुतेक पिल्ले बीटीवर पुन्हा मरतात. बहुतेक ठिकाणी हा वाटा दिलाच गेला नाही. पाकीट बांधावर पडून राहिले. हिरव्या अळीला तूर-हरभऱ्याचा आसरा होता, त्यामुळे तिच्या साध्या अळ्या टिकून राहिल्या. गुलाबी अळीला बीटी कापसाखेरीज दुसरे घरच उरले नाही. तिच्यापुढे दोनच वाटा होत्या: मरणे किंवा विष पचवणे. २०१७ च्या हंगामात तिने विदर्भात केवढे नुकसान केले, ते इथल्या प्रत्येक शेतकरी घराला आठवते. त्याच हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले.

आता रोज्याकडे येऊ. जो जीव एकाच अन्नावर जगतो, त्याचे बळ तेच आणि दुबळेपणही तोच. कापूस नसेल तर गुलाबी अळीची पिढी पुढे सरकत नाही. पण आपण डिसेंबरनंतरही पाणी देऊन फरदड घेतो, फेब्रुवारी-मार्चपर्यंत बोंडे उभी ठेवतो आणि तिचे ताट वाढतच राहते. हंगामाच्या शेवटच्या अळ्या सरकीत, काडीकचऱ्यात, न फुटलेल्या बोंडांत सुप्तावस्थेत जातात आणि पुढच्या पावसाळ्यात पतंग होऊन निघतात. म्हणूनच कृषी शास्त्रज्ञ सांगतात: वेचणी डिसेंबरअखेर संपवा, उरलेल्या बोंडांवर शेळ्या-मेंढ्या सोडा, पऱ्हाटी उपटून जागच्या जागी बारीक करा, जमीन खोल नांगरा आणि जूनआधी कापूस लावू नका. हे पाच-सहा महिने म्हणजे शेताचा रोजा.

हे सांगणे सोपे, पाळणे कठीण. फरदडीच्या एक-दोन वेच्यांत कुणाच्या मुलीची फी असते, कुणाचा किराणा. ओलीत असेल तो हरभरा-गहू पेरेल. कोरडवाहूवाल्याने काय करावे? त्याला नुसता उपदेश करून चालणार नाही. पऱ्हाटी बारीक करणारे यंत्र गावात वेळेवर आणि परवडेल अशा भाड्याने मिळाले, तर त्याचा हात आवरेल.

दुसरी अडचण मोठी आहे. माणसाने एकट्याने धरलेला रोजा त्याच्या खात्यात जमा होतो. शेताचा रोजा एकट्याने धरून भागत नाही. पतंग धुरा ओळखत नाही. शेजारच्या वावरात बोंडे उभी असतील तर आपली मेहनत वाया जाते. मगरिबची अजान झाली की सारा मोहल्ला एकाच वेळी खजूर हातात घेतो, तसे गावाने मिळून एक तारीख ठरवली तरच उपयोग.

असे होऊ शकते. अमेरिकेतही हीच अळी होती. ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी बिगर-बीटीचा वाटा वर्षानुवर्षे नेमाने राखला. पुढे ठरलेल्या तारखेला पीक मोडणे, कामगंधाने नर पतंगांना चकवणे आणि निर्बीज केलेले पतंग सोडणे, हे सारे मिळून केले गेले. २०१८ मध्ये तिथल्या कृषी खात्याने देशाचा कापूसपट्टा गुलाबी अळीपासून मुक्त झाल्याचे जाहीर केले. तिथली शेते मोठी, शेतकरी थोडे, हे खरे. पण अळी तीच आणि बीटीही तेच.

यात आपण शहरवासीयांचेही काम आहे. कापसासोबत अळी जिनिंगमध्ये येते; तिथे कामगंध सापळे लावायला हवेत, सरकी आणि कचरा महिनोन् महिने साठवायला नको. चुलीसाठी पऱ्हाटीचे ढीग रचले असतील तर ते पावसाळ्यापूर्वी संपवावेत. आणि सोसायटीच्या, ग्रामसभेच्या बैठकीत पुढच्या वर्षी कापूस कोणत्या तारखेला मोडायचा, हा विषय आताच घ्यावा. डिसेंबर आल्यावर त्याला उशीर झालेला असेल.